हायस्कुलातील शुश्रूषा-साहाय्यकाचे प्रशिक्षण : अमेरिकेतील व्यवस्थेचा परिचय व विचार

अमेरिकेच्या अनेक घटकराज्यांत हायस्कुलाच्या शेवटच्या दोन वर्षांत शिकणारा सोळा-सतरा वर्षांचा विद्यार्थी दिवसाचा काही भाग गणित, इतिहास, भाषा या नित्याच्या विषयांना देतो आणि उरलेल्या वेळात वृद्धांची नखे कापणे, त्यांना घास भरविणे, त्यांची अंथरुणे बदलणे, त्यांची नाडी मोजणे या कामांचे रीतसर शिक्षण घेतो. शालान्त प्रमाणपत्राबरोबरच ‘सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट’ म्हणून काम करण्याची पात्रताही त्याला मिळू शकते. या पात्रतेसाठी येथे ‘शुश्रूषा-साहाय्यक’ ही संज्ञा योजिली आहे. व्यावसायिक शिक्षणाच्या अभ्यासकास ही व्यवस्था दोन कारणांसाठी विचारार्ह वाटेल. एक तर येथे विद्यार्थ्याच्या हाती लाकूड वा लोखंड नसून परावलंबी माणसाचे शरीर असते. दुसरे असे की, शिकणारा आणि ज्याच्यावर तो शिकतो तो, हे दोघेही कायद्याच्या दृष्टीने संरक्षणास पात्र असतात. एक अल्पवयीन म्हणून, दुसरा वृद्ध व दुर्बल म्हणून. या दोन संरक्षणांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रस्तुत विषयाचा गाभा होय.

आरंभीच एका शब्दाविषयी खुलासा करणे अवश्य आहे. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले म्हणजे डॉक्टरांचे लहान खाजगी रुग्णालय डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत त्याच शब्दाने दीर्घकाळ, पुष्कळदा आयुष्याच्या अखेरपर्यंत, वृद्ध व विकलांग माणसे जेथे राहतात त्या निवासाचा बोध होतो. तेथे राहणाऱ्यास ‘रुग्ण’ न म्हणता ‘निवासी’ म्हणण्याचा प्रघात आहे. हा भेद मनात ठेवण्यासाठी पुढे ‘शुश्रूषागृह’ हाच शब्द वापरला आहे.

पूर्वपीठिका

शालेय शिक्षणात धंदेशिक्षणाला अमेरिकेच्या मध्यवर्ती शासनाचे साहाय्य मिळू लागले ते १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने. त्या कायद्याचा भर शेती, गृहविज्ञान आणि औद्योगिक कारागिरी यांवर होता; शुश्रूषेचा त्यात स्वतंत्र विचार नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परिचारिकांची मोठी चणचण भासू लागली, तेव्हा १९४१ पासून रेडक्रॉसने स्वयंसेविकांना सुमारे ८० तासांचे शिक्षण देऊन रुग्णालयांत साहाय्यक म्हणून पाठविण्यास प्रारंभ केला. अल्प मुदतीच्या, तासांनी मोजलेल्या शिक्षणानंतर शुश्रूषेचे प्राथमिक काम बिगर-परिचारिकेकडे सोपविता येते, हा विचार त्या काळात दृढ झाला. १९५६ च्या एका कायद्याने व्यावहारिक परिचर्येच्या शिक्षणाला धंदेशिक्षणाच्या अनुदानात स्थान मिळाले. १९६३ च्या व्यावसायिक शिक्षण कायद्याने या अनुदानाची कक्षा आणखी विस्तृत केली. पुढे १९८४ मध्ये कार्ल पर्किन्स यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. २०१८ मध्ये सुधारून पुन्हा संमत झालेल्या त्याच कायद्याखाली हायस्कुलांतील आरोग्यविषयक व्यावसायिक अभ्यासक्रमांना आज मध्यवर्ती साहाय्य मिळते.

दुसरा प्रवाह शुश्रूषागृहांचा. १९६५ मध्ये मेडिकेअर व मेडिकेड या दोन सार्वजनिक योजना अस्तित्वात आल्या आणि शुश्रूषागृहांकडे शासकीय पैशाचा ओघ सुरू झाला. गृहांची संख्या झपाट्याने वाढली. पण त्यांतील सेवेविषयी तक्रारीही वाढल्या. निवाशांच्या अंगावर पडून राहिल्याने होणारी क्षते, त्यांना बांधून ठेवण्याची पद्धत, गुंगीच्या औषधांचा अतिरेक यांची चर्चा वर्षानुवर्षे होत राहिली. १९८६ मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ या संस्थेच्या समितीने आपला अहवाल प्रसिद्ध केला. निवाशांच्या अंगाशी प्रत्यक्ष येणारी बहुतांश सेवा ज्या साहाय्यकांकडून घडते, त्यांच्या शिक्षणाविषयी देशभर एक किमान नियम असावा, अशी त्याची एक प्रमुख शिफारस होती. त्या अहवालाच्या आधारे २२ डिसेंबर १९८७ रोजी झालेल्या अर्थसंकल्पविषयक कायद्यात शुश्रूषागृहांच्या सुधारणेची कलमे अंतर्भूत झाली. आजची सारी प्रशिक्षण-व्यवस्था या कलमांवर उभी आहे.

पंचाहत्तर तासांचे स्वरूप

या कायद्याने शुश्रूषा-साहाय्यकाच्या शिक्षणाची किमान मर्यादा ७५ तास ठरविली. त्यांपैकी निदान १६ तास प्रत्यक्ष कामाचे, म्हणजे नोंदणीकृत वा परवानाधारक परिचारिकेच्या साक्षात् देखरेखीखाली कोणा व्यक्तीवर करावयाच्या कामाचे, असले पाहिजेत. याखेरीज आणखी एक सोळा तासांचा नियम आहे व या दोहोंत पुष्कळदा गल्लत होते. निवाशाच्या अंगाला प्रथम हात लावण्यापूर्वी पाच विषयांचे मिळून किमान १६ तासांचे शिक्षण पुरे झालेले असावे लागते : संवाद व परस्परव्यवहार, संसर्गप्रतिबंध, सुरक्षितता व आपत्कालीन कृती, निवाशाच्या स्वावलंबनास उत्तेजन, आणि निवाशाच्या हक्कांविषयी आदर. पहिले सोळा तास हाताच्या कौशल्याचे आहेत. दुसरे सोळा तास हात पुढे करण्यापूर्वीच्या वृत्तीचे आहेत. कायद्याने वृत्तीला कौशल्याच्या आधी स्थान दिले, ही गोष्ट शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय होय.

शिकविणाऱ्या मुख्य परिचारिकेस परिचर्येचा किमान दोन वर्षांचा अनुभव असावा व त्यांपैकी निदान एक वर्ष दीर्घकालीन शुश्रूषेच्या संस्थेतील असावे, असाही नियम आहे. त्यामुळे हायस्कुलातील सामान्य विज्ञानशिक्षकास हा विषय शिकविता येत नाही. शाळेस परिचारिका-शिक्षक नेमावा लागतो, किंवा अनेक शाळा मिळून चालविलेल्या तंत्रकेंद्रात विद्यार्थी पाठवावे लागतात.

मध्यवर्ती नियम हा तळ आहे. घटकराज्यांस त्याहून अधिक तास ठरविण्याची मुभा आहे. कॅलिफोर्नियात १६० तास लागतात, त्यांपैकी १०० प्रत्यक्ष कामाचे. मेन राज्यात १८० तास आहेत, तर न्यूयॉर्क व टेक्सास येथे १००. अनेक राज्यांनी ७५ तासांवरच समाधान मानले आहे. २००८ मध्ये ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’नेच वृद्धांच्या सेवेविषयीच्या नव्या अहवालात किमान मर्यादा १२० तासांपर्यंत न्यावी असे सुचविले, परंतु मध्यवर्ती नियमातील आकडा १९८७ मध्ये होता तोच राहिला.

हायस्कुलाच्या वेळापत्रकात हे तास बसविणे कठीण नाही. रोज दोन तासिका दिल्या तरी एका वर्षात किमान मर्यादेच्या कितीतरी पलीकडे जाता येते. म्हणून अनेक शाळा शरीररचना, वैद्यकीय परिभाषा, प्रथमोपचार यांची जोड देऊन हा अभ्यासक्रम वर्षभर वा दोन वर्षे चालवितात. प्रौढ उमेदवारास काही आठवड्यांत उरकावे लागणारे शिक्षण शाळकरी विद्यार्थ्यास सावकाश घेता येते. हात धुण्याची कृती पन्नास वेळा करून पाहण्यास, पुतळ्यावर अंथरूण न हलविता चादर बदलण्यास, सोबत्याची नाडी पूर्ण एक मिनिट मोजून नोंदण्यास शाळेत अवकाश असतो. शालेय प्रशिक्षणाचा खरा लाभ या सावकाशीत आहे.

परीक्षा व नोंदवही

शिक्षण पुरे झाल्यावर राज्याने मान्य केलेली परीक्षा द्यावी लागते. तिचा एक भाग लेखी किंवा तोंडी असतो, दुसरा प्रात्यक्षिकाचा. प्रात्यक्षिकासाठी कामांच्या ठरलेल्या यादीतून काही कामे ऐनवेळी निवडली जातात. दातांची कवळी स्वच्छ करणे, बेडपॅन देणे व काढणे, अर्धांगवायू झालेल्या हाताला बाही चढविणे, कमरेला पट्टा बांधून निवाशाला खुर्चीत बसविणे अशी ही कामे असतात. परीक्षकाची दृष्टी केवळ कृतीच्या क्रमावर नसते. उमेदवाराने आधी दारावर टकटक केली काय, आपले नाव सांगितले काय, पडदा ओढला काय, हेही पाहिले जाते. परीक्षेत अपयश आल्यास निदान तीन वेळा संधी मिळावी, असा नियम आहे.

उत्तीर्ण उमेदवाराचे नाव राज्याच्या नोंदवहीत दाखल होते. ही नोंदवही दुहेरी आहे. तिच्यात पात्रता जशी नोंदली जाते, तसेच निवाशाचा छळ, त्याच्याकडे दुर्लक्ष, वा त्याच्या वस्तूंचा अपहार यांविषयी सिद्ध झालेले दोषही नोंदले जातात. असा दोष नोंदला गेलेल्या व्यक्तीस शुश्रूषागृहाला कामावर ठेवता येत नाही. म्हणजे सतराव्या वर्षी नोंदवहीत नाव येणे हा केवळ शालेय गौरव नव्हे. शाळेतील चुकीसाठी गुण जातात. येथील गंभीर चुकीसाठी व्यवसायाचे दार बंद होऊ शकते. विद्यार्थ्याला व त्याच्या पालकांना ही गोष्ट प्रवेशाच्या वेळीच समजावून सांगणे शाळेचे कर्तव्य ठरते. शिवाय सलग २४ महिने वेतन घेऊन अशा प्रकारचे काम केले नाही, तर शिक्षण किंवा परीक्षा पुन्हा देऊन पात्रता नव्याने मिळवावी लागते. हायस्कूल संपवून लगेच महाविद्यालयात गेलेल्या अनेकांची पात्रता अशी वापराविना लोपण्याचा संभव असतो.

वयाचा प्रश्न आणि उचल-यंत्राचे कोडे

प्रशिक्षणाच्या मध्यवर्ती नियमांत तासांची अट आहे, पण किमान वयाची अट नाही. ती राज्यांवर सोडली आहे. कॅलिफोर्नियात हे वय १६ आहे. भारतात सहायक परिचारिका-प्रसाविकेच्या अभ्यासक्रमास प्रवेशासाठी १७ वर्षे पूर्ण असावी लागतात व बारावीचे शिक्षण झालेले असावे लागते, हे येथे तुलनेसाठी स्मरणात ठेवावे. आपल्याकडेही शालेय व्यावसायिक विषयांत आरोग्यसेवेचा समावेश झालेला आहे. त्यामुळे अमेरिकेतील अनुभवाचा विचार हा केवळ परदेशाविषयीचे कुतूहल उरत नाही.

अमेरिकेत वयाचा प्रश्न प्रशिक्षणाच्या कायद्यातून नव्हे, तर बालकामगारविषयक कायद्यातून पुढे आला. १९३८ च्या ‘फेअर लेबर स्टँडर्ड्‌स ॲक्ट’ या कायद्यान्वये अठरा वर्षांखालील मुलांना धोक्याची ठरविलेली कामे देता येत नाहीत. अशा कामांच्या यादीतील सातवा आदेश वजने उचलणाऱ्या यंत्रांविषयी आहे. २०१० च्या जुलैपासून या आदेशाची सुधारित व्याख्या अंमलात आली आणि निवाशाला पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवणारे विजेवर चालणारे यंत्र तिच्या कक्षेत आले. परिणाम असा झाला की, सोळा-सतरा वर्षांच्या पात्र साहाय्यकास वृद्धाला आंघोळ घालण्यास, भरविण्यास, मरणासन्न माणसाजवळ बसण्यास हरकत नव्हती. पण उचल-यंत्राची कळ दाबण्यास बंदी झाली.

या नियमाची विसंगती दोन बाजूंनी दिसते. आदेशाचा विषय यंत्र हा असल्याने हाताने माणूस उचलणे त्यात येत नव्हते; आणि शुश्रूषा-साहाय्यकांच्या पाठीच्या व सांध्यांच्या दुखापतींचे मोठे कारण हाताने उचलणे हेच आहे. ज्या साधनाने हा धोका कमी व्हावयाचा, तेच वर्ज्य ठरले. दुसरी बाजू शिक्षणाची. धोक्याच्या कामांसंबंधीच्या सात आदेशांत रीतसर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी काही अटींवर सूट आहे. लाकूडकामाची यंत्रे, गोल करवती, छपराचे काम, खोदकाम ही त्यांत येतात. उचल-यंत्राचा सातवा आदेश मात्र त्यांत नाही. सुतारकाम शिकणाऱ्या विद्यार्थ्यास मार्गदर्शनाखाली करवत चालविता येते. शुश्रूषा शिकून पगारावर लागलेल्या विद्यार्थ्यास मात्र उचल-यंत्र हाताळण्यासाठी तशी वाट नव्हती. शाळेतील विनावेतन प्रशिक्षण हे सामान्यतः रोजगारात मोडत नाही. म्हणून शाळेत शिकविलेले कौशल्य नोकरीच्या पहिल्या दिवशी निषिद्ध ठरावे, असाही प्रसंग येऊ लागला.

शाळा, गृहे आणि राज्ये यांच्याकडून तक्रारी आल्यावर श्रमखात्याने व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संशोधनसंस्थेचे मत मागविले. या वयाच्या अनेक मुलांना उचल-यंत्र एकट्याने सुरक्षितपणे हाताळता येत नाही, परंतु अनुभवी व्यक्तीच्या जोडीने काम केल्यास धोका कमी होतो, असे तिच्या मताचे सार होते. त्यावरून २०११ च्या जुलैत श्रमखात्याने अंमलबजावणीचे धोरण प्रसिद्ध केले. सोळा-सतरा वर्षांच्या साहाय्यकाने ७५ तासांचे शिक्षण पुरे केलेले असावे; त्याने यंत्र एकट्याने चालवू नये; किमान दोघांच्या चमूत, अठरा वर्षांवरील प्रशिक्षित व्यक्तीच्या नेतृत्वाखाली, त्याने साह्य करावे, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. २०१८ मध्ये हे यंत्र आदेशाच्या कक्षेतून वगळण्याचा प्रस्ताव श्रमखात्याने मांडला होता. त्यास जितका पाठिंबा मिळाला तितकाच विरोधही झाला.

तास, वय आणि देखरेख

वरील वृत्तांतावरून या व्यवस्थेत योग्यतेची तीन मापे असल्याचे दिसून येईल : शिक्षणाचे तास, विद्यार्थ्याचे वय, आणि त्याच्यावरील देखरेख. पहिली दोन मापे सोयीची आहेत. तास हजेरीपटावरून मोजता येतात, वय जन्माच्या दाखल्यावरून. म्हणूनच कायद्याची, प्रशासनाची आणि वादविवादाचीही सारी भिस्त त्यांच्यावर असते. परंतु पंचाहत्तराव्या तासाला विद्यार्थ्यात जे नव्हते ते शहात्तराव्या तासाला येत नाही. अठराव्या वाढदिवसाला पाठीचा कणा एकाएकी बळकट होत नाही. या मापांचे मूल्य सीमारेषेचे आहे. कामाच्या गुणाविषयी ती फारच थोडे सांगतात.

उचल-यंत्राच्या वादातून जो तोडगा निघाला, त्याने अजाणता तिसऱ्या मापाचे महत्त्व उघड केले. तास पुरे झालेले असूनही आणि वय कमी असूनही काम सुरक्षित होऊ शकते, ते शेजारी प्रशिक्षित प्रौढ उभा असेल तर. हे तत्त्व यंत्रापुरते मर्यादित नाही. निवाशाने पाण्याचा घोट नाकारला तर तो हट्ट समजावयाचा की गिळण्याच्या त्रासाची खूण. पाठीवरचा लालसर डाग साधा आहे की क्षताचा आरंभ. म्हातारी व्यक्ती ‘घरी न्या’ म्हणून रडू लागली तर तिला काय उत्तर द्यावयाचे, हे पुस्तकात अर्धेच असते. उरलेले अर्धे त्या क्षणी शेजारी असलेल्या अनुभवी माणसाकडून शिकले जाते. शालेय विद्यार्थ्यास त्याची गरज प्रौढ उमेदवारापेक्षा अधिक असते. कारण मृत्यू आणि नग्न, जर्जर शरीर यांची भेट त्याला अनेकदा येथेच प्रथम घडते.

परंतु अडचण नेमकी येथेच आहे. हायस्कुलांना आपल्या दारी बोलाविणारी शुश्रूषागृहे पुष्कळदा ती बोलावतात मनुष्यबळाच्या टंचाईमुळे. आणि जेथे टंचाई, तेथे विद्यार्थ्याशेजारी उभे राहावयास अनुभवी माणूस मोकळा नसतो. ज्या कारणाने विद्यार्थ्याला पाचारण केले जाते, तेच कारण त्याच्या शिक्षणाचा आधार काढून घेते. टंचाईच्या दडपणाखाली तासांचे मापही किती लवकर वाकते, हे करोनाच्या साथीत दिसून आले. २०२० च्या मार्चमध्ये मध्यवर्ती शासनाने प्रशिक्षणाची अट तात्पुरती शिथिल केली आणि गृहचालकांच्या एका राष्ट्रीय संघटनेने तयार केलेल्या आठ तासांच्या शिक्षणावर अनेक राज्यांत तात्पुरते साहाय्यक कामावर घेतले गेले. ही देशव्यापी सवलत २०२२ च्या जूनमध्ये मागे घेण्यात आली.

व्यवसायाची शिडी या दृष्टीनेही देखरेखीचाच प्रश्न निर्णायक ठरतो. अमेरिकेत शुश्रूषा-साहाय्यकांची संख्या सुमारे चौदा लाख आहे. मे २०२४ च्या शासकीय आकडेवारीनुसार त्यांचे मध्यक वार्षिक वेतन सुमारे ३९,५०० डॉलर होते, तर नोंदणीकृत परिचारिकेचे सुमारे ९३,६०० डॉलर. शाळा विद्यार्थ्यांपुढे हे काम पहिली पायरी म्हणून ठेवतात. पण दुसरी पायरी चढण्यासाठी महाविद्यालयीन शिक्षण, वेळ आणि पैसा लागतो. ज्याने शुश्रूषागृहात परिचारिकेच्या सान्निध्यात काम केले, तिचे निर्णय जवळून पाहिले, त्याला वरची पायरी निदान दिसते. ज्याला पहिल्या आठवड्यापासून एकट्याला निवाशांची रांग सोपविली गेली, त्याला दिसतो तो केवळ थकवा. पहिल्याच्या बाबतीत हे शिक्षण ठरते, दुसऱ्याच्या बाबतीत स्वस्त श्रमाचा पुरवठा. अभ्यासक्रम, तास आणि प्रमाणपत्र दोहोंचे एकच असते.

तेव्हा शालेय वयात हे प्रशिक्षण सुरू करावे की नाही, असा सरळ प्रश्न विचारल्यास त्याचे सरळ उत्तर वयात शोधून मिळणार नाही. सोळा वर्षांच्या मुलाजवळ वृद्धाचा हात हळुवार धरण्याची पात्रता नसते असे मानण्यास आधार नाही. पंचाहत्तर तासांत ती पुरी होते असे मानण्यासही नाही. एखाद्या शाळेची योजना पारखताना तिने किती विद्यार्थी उत्तीर्ण केले याआधी, ती ज्या गृहात विद्यार्थी पाठविते तेथे एका अनुभवी परिचारिकेमागे किती विद्यार्थी असतात, प्रत्यक्ष कामाच्या तासांत ती त्यांच्याजवळ असते की नोंदींच्या टेबलाशी, आणि नोकरी लागल्यावर पहिले काही महिने त्यांना कोणाची जोड मिळते, हे विचारले पाहिजे. आरोग्यसेवेचा विषय आपल्या शाळांत रुजविताना अभ्यासक्रमाचे तास ठरविणे सोपे जाईल. शेजारी उभे राहणारे माणूस मिळविणे अवघड जाईल. पलंगावरच्या निवाशाचे आणि त्याला कूस वळविणाऱ्या मुलाचे, दोघांचेही हित त्या तिसऱ्या माणसावर अवलंबून आहे.